नवीन पाइपमध्ये गुडगुड येते, तळाचा तंबाखू ओलाच राहतो: दोष कुठे शोधायचा

हाताने लाकडी पाइप करायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार येतेच. पाइप दिसायला झकास झालेला असतो, पॉलिश चकचकीत, सुरुवातीला चालतोही छान आणि मग अर्ध्यावर आला की आतून गुडगुड सुरू, जिभेवर कडू पाणी, पाइप विझतो, रिकामा करायला गेलं तर तळाशी ओल्या काळ्या तंबाखूचा गोळा. मध्येच क्लीनर (पाइप साफ करायची कापूस गुंडाळलेली लवचिक तार) घातला की तेवढ्यापुरतं थांबतं आणि पुढच्या खेपेला परत तेच रडगाणं.

मग उपाय सुरू होतात. तंबाखू बदलून बघतात, बाउल, म्हणजे तंबाखू भरायचा वाटीसारखा भाग, आतून घासून बघतात, आणि कुणीतरी हमखास सांगतं की धुराचं भोक मोठं कर, मग 4 मिमीचं 5 मिमी केलं जातं आणि तरी गुडगुड येतेच. बहुतेक वेळा भोकाच्या मापाचा यात दोष नसतो. पाइपमध्ये तीन भोकं असतात, तंबाखूचं, धुराचं आणि स्टेम बसवायचं, आणि ती तीन एकमेकांना नेमकी कुठे भेटतात तिथे सगळी गोम असते. तिथे चुकलं असेल तर भोक कितीही मोठं करा.

नावं एकदा बघून घेऊ म्हणजे पुढे घोळ नको. तंबाखू भरायची पोकळी म्हणजे चेंबर. बाउलला जोडून येणारी लाकडी दांडी ती शँक. तोंडात धरायचा भाग स्टेम, त्याचं शँकमध्ये शिरणारं गोल टोक म्हणजे टेनन आणि ते ज्या भोकात बसतं ते मॉर्टिस. स्टेमच्या तोंडाकडच्या टोकाला दातात अडकायला जो उंचवटा असतो त्याला बटण म्हणतात. (तंबाखू तब्येतीला वाईट आहे यात काही वाद नाही, इथे विषय फक्त लाकूडकामाचा आहे.)

आता हे पाणी येतं कुठून? तंबाखूत मुळात ओल असते आणि जळतानाही वाफ तयार होते, ती वाफ धुराबरोबर शँकमध्ये येते, तिथे लाकूड त्यामानाने गार असतं आणि वाफेचं पाणी होतं. थोडी थुंकी तोंडाकडून उतरते ती वेगळीच. म्हणजे थोडं पाणी प्रत्येक पाइपमध्ये होतंच, चांगल्या पाइपमध्ये पण. फरक एवढाच की वाट सरळ आणि गुळगुळीत असेल तर ते वाटेत पसरून लाकडात मुरतं किंवा धुराबरोबर निघून जातं, आणि वाटेत एकदम रुंद खळगा किंवा पायरी आली की धूर तिथे मंदावतो, भोवरा खातो आणि पाणी तिथेच साचतं. त्या साचलेल्या पाण्यातून हवा ओढली की हुक्का सुरू.

म्हणून पहिली गोष्ट, पाइपला दोष देण्याआधी तंबाखू जरा वाळवून, सैल भरून आणि सावकाश ओढून बघा. फार दमट तंबाखू, ठासून भरलेला, आणि भसाभसा ओढणं या तिन्हींनी चांगला पाइपसुद्धा रडतो. वाळलेल्या तंबाखूवरही दर वेळी साधारण त्याच टप्प्यावर गुडगुड येत असेल तर मात्र दोष पाइपचाच धरून चाला.

आधी ओल कुठे साचतेय ते पकडा

हे न करता लोक थेट ड्रिल उचलतात आणि तिथेच नुकसान होतं. गुडगुड सुरू झाली की स्टेम न काढता बटणाकडून कोरडा पांढरा क्लीनर हळूहळू आत सरकवा, तळापर्यंत गेला की बटणाशी जिथे येतो तिथे त्याला चिमटीत धरून वाकवा म्हणजे खूण राहील, आणि बाहेर काढा. पाइप गार झाल्यावर हा क्लीनर पाइपच्या बाजूने, वाकवलेली खूण बटणाशी ठेवून, आडवा लावून बघा. सगळा क्लीनर थोडा पिवळट होणारच, त्याकडे लक्ष देऊ नका, पण एखादा बोटभर तुकडा चिंब तपकिरी दिसेल आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे त्यामानाने कोरडं असेल. तो चिंब तुकडा शँक आणि स्टेमच्या सांध्याजवळ येतोय का चेंबरच्या तळाशी येतोय, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आणि क्लीनर मुळात तळापर्यंत जातच नसेल, मध्ये कुठे अडकत असेल, तर उत्तर तिथेच मिळालं. स्टेम न काढता क्लीनर चेंबरपर्यंत गेलाच पाहिजे, ही साधी परीक्षा आहे आणि हाताने केलेले बरेच पाइप इथेच नापास होतात.

दुसरी परीक्षा रिकाम्या पाइपवर. तंबाखू न भरता जोरात हवा ओढा. नुसता मोकळा हवेचा आवाज आला तर ठीक, बारीक शिट्टी वाजली तर वाटेत कुठेतरी पायरी किंवा चिमटा आहे. मग स्टेम काढून नुसता स्टेम ओढून बघा, नुसत्या शँकला तोंड लावून ओढून बघा, शिट्टी कुठल्या भागात आहे ते कळतं. फक्त एक, गरम पाइपचा स्टेम काढायचा नाही. लाकूड फुगलेलं असतं, टेनन मोडतो नाहीतर शँकला चीर जाते.

सांध्यातला खळगा

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो हाच. मॉर्टिस 20 मिमी खोल पाडलेलं आणि टेनन 16 मिमीचा, म्हणजे मध्ये 4 मिमी लांब आणि 8 मिमी रुंद अशी एक रिकामी खोली तयार झाली. धूर 4 मिमीच्या वाटेने येतो, एकदम 8 मिमीच्या खोलीत पसरतो, परत 4 मिमीच्या वाटेत शिरतो. पाणी साचायला याहून चांगली जागा नाही. बाहेरून काहीच दिसत नाही, सांधा अगदी बंद, केसही जाणार नाही असा, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही. तयार भोकं पाडलेला ठोकळा आणि स्टेम असं किट आणलेलं असेल तरी हे मोजून घ्या, तिथेही टेनन आखूड निघू शकतो.

मोजायला व्हर्नियर कॅलिपरची (मिमीचे भाग मोजायचं साधन) मागून बाहेर येणारी खोली मोजायची पट्टी मॉर्टिसमध्ये सोडा, पण भोकाच्या भिंतीला चिकटवून सोडा. मधोमध सोडली तर ती थेट धुराच्या भोकात उतरते आणि खोली भलतीच जास्त दाखवते, मग माणूस उगाच घाबरून बसतो. व्हर्नियर नसेल तर सपाट कापलेली बारीक काडी भिंतीला लावून नखाने खूण करा, तेवढंही पुरतं. टेननची लांबी त्यापेक्षा साधारण अर्धा मिमी कमी असावी. अगदी शून्य ठेवू नका, कारण टेनन तळाला टेकला की स्टेम शँकला पूर्ण भिडत नाही आणि बाहेरून फट दिसते.

फट एक-दोन मिमीहून जास्त असेल तर दुरुस्तीचे दोन रस्ते. एक म्हणजे टेनन बदलणे, जुना कापून स्टेममध्ये भोक पाडून डेल्रिनचा (एक कडक प्लास्टिक) नवा टेनन चिकटवणे. डेल्रिनला गोंद नीट धरत नाही म्हणून चिकटवायच्या भागावर कानशीने आडव्या खाचा मारून घ्याव्या लागतात, आणि भोक सरळ नाही गेलं तर स्टेम कायमचा तिरका बसतो, त्यामुळे हे नवख्याने हाताने करू नये असं माझं मत आहे. दुसरा रस्ता मला जास्त पटतो: टेनन वाढवण्याऐवजी मॉर्टिस आखूड करायचं, म्हणजे शँकचं टोकच तेवढं घासून कमी करायचं. 3 मिमी फट आहे ना, मग शँक अडीच मिमीने कमी करा, अर्धा मिमी राहू द्या.

पण ते टोक मॉर्टिसशी काटकोनात राहिलं पाहिजे, नुसतं हातात धरून पॉलिश पेपरवर घासलं तर कडा गोल होतात आणि सांध्यात सगळीकडून फट. त्यासाठी 8 मिमीचा सरळ दांडा घ्या, मॉर्टिसमध्ये सैल नाही आणि घट्ट नाही असा बसणारा. त्यावर 8 मिमी भोकाचा मोठा सपाट वॉशर घाला, वॉशरच्या शँककडच्या बाजूला तसाच गोल कापलेला पॉलिश पेपर चिकटवा, दांडा मॉर्टिसमध्ये सोडा आणि वॉशर शँकवर दाबून गोल फिरवत राहा. दांड्यामुळे पेपर हलतच नाही इकडेतिकडे, टोक आपोआप मॉर्टिसशी काटकोनात येतं. वेळ लागतो, हात दुखतात, दर थोड्या वेळाने स्टेम घालून बघावं लागतं. शँक बाहेरून निमुळता असेल तर टोक कमी झाल्यावर शँक आणि स्टेमचा व्यास थोडा वेगळा पडेल, तेव्हा स्टेम जागेवर ठेवूनच दोन्ही एकत्र घासून घ्या.

टेननच्या टोकाला, भोकाच्या आतल्या कडेला, थोडा उतार द्यायला विसरू नका. काउंटरसिंक बिट (भोकाची कड तिरकी करणारा शंकूसारखा बिट) हातात धरून दोन-चार वेढे फिरवले तरी पुरे. क्लीनर अडकत नाही आणि धुराला धारदार कडा लागत नाही.

वाकड्या पाइपमध्ये आणखी एक भानगड असते. तिथे धुराचं भोक तिरकं जात असल्यामुळे ते मॉर्टिसच्या तळाच्या मधोमध न उघडता एका कडेला उघडतं आणि मध्ये एक छोटा कट्टा राहतो. क्लीनर बरोब्बर त्या कट्ट्यावर जाऊन आपटतो. बारीक गोल कानशीने तो कट्टा घासून नरसाळ्यासारखा उतार करा, एवढं पुरतं.

चेंबरच्या तळाशी

क्लीनरची चिंब खूण चेंबरकडे आली, किंवा गुडगुड फारशी नाही पण तळाचा तंबाखू दर वेळी न जळता राहतो, तर टॉर्च लावून चेंबरमध्ये वाकून बघा. धुराचं भोक भिंतीत दिसेल. त्याची खालची कड चेंबरच्या तळाला टेकलेली हवी. तळापासून 3-4 मिमी वर असेल तर त्याखालच्या तंबाखूतून हवा जातच नाही, तो नुसता वरून उतरणारी ओल पीत बसतो.

इथे चेंबर आणखी खोल करायचा मोह होतो. करू नका! भोक आधीच वर आहे, तळ आणखी खाली नेला तर अंतर वाढणार. तळ वर आणायचा असतो. सिगारची राख घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून घट्ट चिखल करा, धुराच्या भोकात क्लीनर घालून ठेवा म्हणजे ते बुजणार नाही, आणि तो चिखल तळाशी घालून गोल टोकाच्या काडीने दाबून तळ वाटीसारखा करा, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. क्लीनर फिरवून हळूच काढा आणि काही दिवस पाइप नुसता वाळू द्या. घाईने पेटवला तर चिखल तडकून निघतो. लाकडाचा भुसा आणि गोंद, इपॉक्सी, रेडीमेड वुड फिलर असलं काही चेंबरमध्ये घालायचं नाही, ते तापणार आहे आणि त्याचा धूर तुमच्या छातीत जाणार आहे.

उलटी स्थिती असेल, म्हणजे धुराचं भोक तळाच्याही खालून गेलंय आणि तळाला चर पडलाय, तर ओढायला तो पाइप बरेचदा चांगलाच चालतो, काळजी असते ती लाकडाच्या जाडीची. चराखाली किती लाकूड उरलंय ते बाहेरचं आणि आतलं माप वजा करून काढा, 5-6 मिमीच्या खाली असेल तर तोच राखेचा चिखल चरात भरून घ्या, नाहीतर तिथून पाइप जळून भोक पडायची भीती. समोरच्या भिंतीत ड्रिलची टोच लागली असेल तर तिथेही हेच. भोक मधल्या रेषेपासून एक मिमी डावी-उजवीकडे सरकलं असेल तर ते सोडून द्या, दिसायला खटकतं पण धुराला काही फरक पडत नाही.

स्टेम

नुसत्या स्टेममध्ये शिट्टी वाजत असेल तर बहुतेक दोष बटणाच्या अलीकडे असतो, जिथे गोल भोक चपट्या फटीत बदलतं. 4 मिमीच्या गोल भोकाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिमीच्या आसपास येतं, म्हणजे फट दीड मिमी उंच असेल तर ती आठ-साडेआठ मिमी रुंद हवी, तरच वाट सगळीकडे सारखी राहते. बऱ्याच स्टेममध्ये ती रुंदी बटणापाशीच असते आणि जरा आत गेलं की चिमटा. चपटी सुईकानस घालून दोन्ही बाजूंना आतपर्यंत पसरवत न्या. गरम करून वाकवताना स्टेम आतून दबला असेल तर परत गरम करून सरळ करा आणि पुढच्या वेळी आत क्लीनर घालूनच वाकवा. स्टेम व्हल्कनाइटचा (कडक रबर) असो की अ‍ॅक्रिलिकचा, घासताना मास्क हवाच, लाकडाच्या भुशालाही हवा.

मुळात चुकू नये म्हणून

दुरुस्ती करता येते, पण पुढच्या ठोकळ्यात हे सगळं टाळता येतं आणि ते शिकण्यासारखं आहे. बऱ्याच जणांना आधी आकार काढायची घाई असते, करवत आणि कानस घेऊन बाउल गोल केला, शँक गोल केला, आणि मग गोल वस्तूत सरळ भोक पाडायला बसले. गोल वस्तू शिकंज्यात नीट बसत नाही, मोजायला सपाट बाजू नाही, गुण्या कुठे लावणार? सगळी भोकं ठोकळा चौकोनी असताना पाडायची, आकार नंतर, भोकांभोवती काढायचा. भोक दोन मिमी सरकलं तर बाहेरचा आकार दोन मिमी सरकवता येतो, उलटं होत नाही.

ठोकळ्याच्या बाजूवर पेन्सिलने पूर्ण पाइप काढा, आतल्या भोकांसकट. माझी पसंतीची मापं म्हणजे चेंबर 19 मिमी रुंद आणि 38 मिमीच्या आसपास खोल, धुराचं भोक 4 मिमी, मॉर्टिस 8 मिमी रुंद आणि 20 मिमी खोल, चेंबरची भिंत कुठेही 6 मिमीपेक्षा कमी नाही आणि तळाशी त्याहून जास्त. शँकमध्ये मॉर्टिसभोवती निदान 3 मिमी लाकूड ठेवा.

क्रम असा ठेवा: मॉर्टिस, मग धुराचं भोक, चेंबर शेवटी. काही जण चेंबर आधी पाडतात, त्यांचंही जमतं, पण नवख्याला शेवटी सोपं पडतं कारण चेंबर मिमी-मिमीने खाली नेता येतं. ठरलेल्या खोलीच्या दोन-तीन मिमी आधीच थांबा, भुसा झटका, टॉर्च मारा, थोडं खाली जा, परत बघा. धुराच्या भोकाची खालची कड तळाला लागली की थांबायचं. धुराच्या भोकाचं तसं नाही, ते एकदा वर गेलं की वर गेलं. चेंबरसाठी टोकाला गोलाई असलेला बिट वापरा, सपाट तळाच्या कोपऱ्यात तंबाखू अडकून राहतो.

4 मिमीचा लांब बिट भरकटतो हा खरा शत्रू. तो लवतो आणि लाकडाचे रेषे जिकडे नेतील तिकडे जातो. मॉर्टिस मधल्या टोकाच्या, म्हणजे ब्रॅड पॉइंट बिटने पाडलं तर तळाला मधोमध एक टिंब उरतं, लांब बिटचं टोक त्या टिंबात बसवून सुरू करा. त्याहून पक्कं हवं असेल तर 8 मिमी दांड्याच्या तुकड्याला मधोमध 4 मिमीचं भोक पाडून तो तुकडा मॉर्टिसमध्ये घाला आणि त्यातून बिट घाला, बिटला हलायला जागाच नाही. ठोकळा शिकंज्यातून काढू नका, मॉर्टिस ज्या स्थितीत पाडलं त्याच स्थितीत धुराचं भोक. थोडं आत जायचं, बाहेर काढून भुसा झटकायचा, परत आत. भुसा अडकला की बिट तापतो आणि वाकडा जातो, जळका वास आला तर समजा उशीर झालाय. बिटवर टेप लावून खोली ठरवा, शँकच्या टोकापासून चेंबरच्या मधल्या रेषेपर्यंत, पुढे नाही.

लाकूड नीट वाळलेलं नसेल तर यातलं काहीच टिकत नाही, कारण मॉर्टिस आकसून अंडाकृती होतं आणि स्टेम हलायला लागतो. ब्रायर, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया झुडपाच्या बुंध्याची गाठ, ही बरेच तास उकळून आणि मग महिनोन्‌महिने वाळवून विकली जाते, त्यामुळे तिथे प्रश्न कमी. चेरी, पेअर, ऑलिव्ह असं दुसरं लाकूड घेतलं असेल तर ठोकळा दर आठवड्याला काट्यावर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत हात लावू नका. चीक असलेलं पाइन, तेलकट सागवान आणि विषारी कण्हेर यांचा पाइप करायचा नाही.

हात बसेपर्यंत महागाचा ठोकळा फोडू नका. टाकाऊ कठीण लाकडाच्या तुकड्यात तीनही भोकं पाडा आणि मग तो तुकडा मधल्या रेषेवर करवतीने उभा चिरा. आतलं सगळं उघडं पडतं, बिट कुठे वळला, मॉर्टिसच्या तळाशी कट्टा राहिला का, चेंबरमध्ये भोक किती वर उघडलं, हे पेन्सिलच्या रेषेशेजारी ठेवून मोजता येतं. बिट दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर ड्रिल प्रेसच्या टेबलाचा काटकोन गुण्याने तपासा. कधी या, कधी त्या बाजूला जात असेल तर बिट बोथट झालाय किंवा तुम्ही जोर फार लावताय.